तोंडी लावायला अमृत

रविवारी दुपारी गोविंद निहलानींचा 'पार्टी' पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना पाहिला तेव्हा श्रीमंतांना चार शिव्या हासडून मोकळा झालो होतो. या वेळी तेवढ्यावर भागलं नाही.

सिनेमा १९८४ चा, मूळ नाटक महेश एलकुंचवारांचं. दमयंती राणे या श्रीमंत विधवेच्या घरी एका रात्री पार्टी आहे, कारण नाटककार दिवाकर बर्वेंना मोठा पुरस्कार मिळालाय. राणे नि बर्वे हिंदीत बोलतात हे सुरुवातीला कानाला खटकतं. मग दमयंती झालेल्या विजयाबाई मेहता पडद्यावर येतात आणि आपण भाषा विसरतो. पाहुण्यांचं स्वागत करतानाचं त्यांचं ते हसू बघा. हसू तसंच राहतं, डोळे मात्र पुढच्या पाहुण्याकडे गेलेले असतात.

रोहिणी हट्टंगडींची मोहिनी तर जीव घेते. एकेकाळची नटी, आता फक्त बर्वेंसोबत राहणारी, हातात सतत ग्लास. दोनच वर्षांपूर्वी 'गांधी'त कस्तुरबा झालेली हीच बाई! या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य.

आणि या सगळ्यांच्या तोंडी एक नाव, अमृत. कवी, आदिवासींमध्ये काम करायला निघून गेलेला. तो पार्टीत नाहीच. पण त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. कुणाला त्याचा हेवा, कुणाला त्याचा पुळका. जेवणात लोणचं असावं तसा तो तोंडी लावायला. ओम पुरीचा पत्रकार त्याची बातमी घेऊन येतो तेव्हा कलावंताची बांधिलकी वगैरे जो वाद पेटतो, तो मला आजही थोडा नाटकी वाटतो. प्रत्येक जण आपला परिच्छेद पाठ करून आल्यासारखा बोलतो. पण शेवटी नसीरुद्दीनचा रक्तबंबाळ अमृत समोर येतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिथे मी पंखा बंद करून बसलो होतो. का बंद केला, आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की या सिनेमातली पोकळी राणेबाईंच्या पैशाची नाही. बाईंनी निदान घर उघडलं, पदरमोड केली. पोकळी तिथे फुकट जेवून बांधिलकीवर बोलणाऱ्यांची आहे. म्हणजे आपली.

गेल्या महिन्यात एका प्रकाशन समारंभानंतर बाविसाव्या मजल्यावर जेवण होतं. एक जण विदर्भातल्या शेतकऱ्यांवर बोलत होते, खरंच गलबलून बोलत होते. वेटर ट्रे घेऊन शेजारी उभा. बोलणं संपेपर्यंत थांबावं की पुढे जावं, त्याला कळेना. मीच त्याला खूण केली.

हराभरा कबाब होते. मी दोन उचलले, चटणीही घेतली.