शेजारधर्म : 50 पैकी 47

"तुमच्या प्रश्नावलीची सप्रमाणता कशी तपासलीत?" प्रबंधाच्या तोंडी परीक्षेतल्या, म्हणजे व्हायव्हातल्या, या प्रश्नाला एक ठेवणीतलं उत्तर असतं : "सर, अल्फा 0.82 आला." सर मान डोलवतात, चहा येतो आणि मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटतं. अहो, क्रॉनबाखचा अल्फा हा विश्वसनीयतेचा आकडा. प्रश्नावलीतल्या विधानांना मिळालेली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात एवढंच तो सांगतो. वर्गातल्या दहाही पोरांनी एकाच वहीतून चुकीचं गणित उतरवलं तरी उत्तरं जुळतातच की! प्रबंधाच्या मुखपृष्ठावर जे मोजल्याचं छापलंय तेच आपण मोजलं का, ही सप्रमाणता. ती एका आकड्यात मावत नाही, आणि आमचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

समजा, शेजारधर्म मोजायचा आहे. त्याची मापनी म्हणजे दहा विधानं, प्रत्येकाला 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' असे 1 ते 5 गुण, कमाल 50.

आधी दर्शनी सप्रमाणता. चार जणांना कागद दाखवायचा आणि 'हे शेजारधर्माबद्दल वाटतंय का' असं विचारायचं. खर्च चार कप चहा, किंमतही साधारण तेवढीच. शिवाय हेतू फार उघडा पडला की माणसं सावरून बसतात. 'मी शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून जातो' याला 'असहमत' कोण म्हणेल? त्यातून समोरच्या काकू जाळीच्या दारातून ऐकत असतील तर संपलंच. सगळी बिल्डिंग 50 पैकी 47. म्हणून प्रश्न कृतीचा हवा : 'गेल्या 30 दिवसांत शेजाऱ्यांचं कुरियर किती वेळा घेऊन ठेवलंत?' आणि तो विचारण्यापूर्वी दार लोटून घ्यावं.

खरी दमछाक आशय सप्रमाणतेत. शेजारधर्मात काय काय येतं याची यादी विधानं लिहिण्याआधी करायची असते. आपण ती नंतर करतो, तीही गाईडने विचारल्यावर. विरजण, घराची किल्ली, आजारपणातला डबा, मयताला खांदा, रात्री अकरानंतर मिक्सर न लावणं. दहापैकी सात विधानं वाटीभर साखरेवरच खर्ची पडली तर ती वाटीची मापनी झाली. मग यादी तज्ज्ञांपुढे ठेवायची. मानसशास्त्रज्ञ लॉशे यांनी 1975 मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे : विधानाला 'अत्यावश्यक' म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि उत्तराला त्याच निम्म्या संख्येने भागा. दहापैकी आठ जण 'अत्यावश्यक' म्हणाले तर 0.60. दहा तज्ज्ञांसाठी त्यांच्या तक्त्यातली किमान मर्यादा 0.62. म्हणजे आठ विद्वानांचं एकमत होऊनही मिक्सर बाद! पाचच तज्ज्ञ घेतले तर पाचहीजण 'अत्यावश्यक' म्हणावे लागतात. सोसायटीच्या सभेत पाणी किती वाजता सोडायचं यावर पाच जणांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं असेल तर त्यांनी खुशाल पाच घ्यावेत.

जाता जाता एक सांगतो. एक-दोन उलटी विधानं घातली असतील, उदाहरणार्थ 'शेजाऱ्यांची बेल वाजली की कपाळाला आठी पडते', तर त्यांचे गुण 6 मधून वजा करून घ्या. हे विसरलं की अल्फा कोसळतो आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

पुढे निकष सप्रमाणता. समवर्ती हवी असेल तर गुण आजच्या एखाद्या बाह्य खुणेशी ताडायचे. उदाहरणार्थ, किती घरांची किल्ली यांच्याकडे असते? पूर्वकथनात्मक हवी तर सहा महिने थांबून कुरियरं मोजायची. इथे ते 47 गुण सूड घेतात. सगळेच 45 ते 50 च्या दाटीत असले की चढउतारच उरत नाही आणि सहसंबंध, म्हणजे दोन आकडे किती जोडीने वरखाली होतात त्याचं माप, शून्याकडे घसरतो. बोलणं आणि वागणं यांची फारकत जुनीच आहे म्हणा. ला पिएर हे संशोधक एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. 251 हॉटेलं-खानावळींपैकी एकानेच नकार दिला. मागाहून पत्राने विचारलं तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी 'चिनी गिऱ्हाईक घेणार नाही' असं कळवलं. हा लेख 1934 चा. आपल्या जिन्यात गाडी उलटी धावते : कागदावर स्वागत, दाराला साखळी.

राहिली संरचना सप्रमाणता, म्हणजे शेजारधर्मासारखी डोळ्यांना न दिसणारी कल्पनाच आपण पकडली की तिच्या नावाखाली भलतंच काही, हा प्रश्न. क्रॉनबाख आणि मील यांनी 1955 मध्ये ती मांडली. 1959 मध्ये कॅम्पबेल आणि फिस्क यांनी तपासायची रीत दिली. माणसाचे दोन गुणधर्म घ्या आणि दोन्ही दोन पद्धतींनी मोजा. आपला पहिला गुणधर्म शेजारधर्म, दुसरा 'चौकसपणा'. पद्धती दोन, स्वतःला विचारणं आणि शेजाऱ्याला विचारणं. स्वतः सांगितलेला शेजारधर्म शेजाऱ्याने सांगितलेल्याशी जुळला तर ती अभिसारी सप्रमाणता. तो चौकसपणाशी फार जुळता कामा नये, ही भेददर्शी. पहिली कशीबशी मिळते. दुसरीपाशी माझा घाम निघतो, कारण 'शेजारी गावाला कधी जातात हे मला ठाऊक असतं' हे विधान नेमकं कुठल्या खात्यात टाकायचं? किल्ली त्याच काकूंकडे असते, कुरियर त्याच घेतात आणि पाकिटावर कुणाचं नाव आहे हेही त्याच वाचतात.

दोन्हींचा सहसंबंध 0.9 निघाला तर मापनी फेकून देऊ नका. शीर्षक बदला, आणि ते काकूंना दाखवू नका.