शहाळे हिसकावणारा नवरा

आमच्या सोसायटीत गेल्या रविवारपासून माझी ओळख ‘बायकोच्या हातातले शहाळे हिसकावून स्वतः पिणारा गृहस्थ’ अशी झालेली आहे. काल लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती आपल्या सुनेला, मला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात, करून दिली.

पत्नीचा मूत्रपिंडाचा विकार चौथ्या टप्प्यात आहे, म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती गाळतात त्याचा आकडा) 15 ते 29च्या दरम्यान. डायलिसिस अद्याप लागलेले नाही, आणि मी निवृत्त झाल्यापासून तिचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. एवढी पार्श्वभूमी पुरे, कारण खरा विषय तात्या आहेत.

तात्या सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारतात आणि परतताना कोणाच्या तरी आजारपणात चहाला येतात. रविवारी ते शहाळी घेऊन आले, तीही तोंडे छाटून आणि नळ्या खोचून, म्हणजे परत करण्याची सोयच ठेवलेली नव्हती. मी नम्रपणे सांगितले की हिला शहाळे वर्ज्य आहे. तात्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

“साहेब, किडनी म्हणजे काय? गाळणी. गाळणी तुंबली की आपण काय करतो? नळाखाली धरतो!”

मी म्हटले, रक्तातले पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 असावे लागते, हिचे मागच्या वेळी 5.6 होते, ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एका शहाळ्यात 500 मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असते. तात्यांनी हे सर्व कीर्तन ऐकावे तसे डोळे मिटून ऐकले आणि मग शांतपणे म्हणाले, “असेल. पण ते नैसर्गिक पोटॅशियम आहे.”

या वाक्याला उत्तर कसे द्यावे याचा मी विचार करीत असतानाच पत्नीने, जी हा परिसंवाद विलक्षण गोडीने ऐकत होती, नळी तोंडात धरली. मी शहाळे काढून घेतले. हिसकावले नाही, काढून घेतले. आता छाटलेले शहाळे मोरीत ओतणे रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला जमत नाही, म्हणून ते मी ओट्याशी उभा राहून पिऊ लागलो आणि वळून पाहतो तो दारात तात्या.

आत आलेच आहेत तर त्यांनी स्वयंपाकघराची तपासणीही उरकली. बटाटा वर्ज्यच, पण हिने फारच हट्ट धरला तर त्याच्या बारीक फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे लागते, कारण पोटॅशियम पाण्यात उतरते. मी नेमके तेच पाणी निथळत ठेवले होते. “अरेरे, सगळे सत्त्व मोरीत!” तात्या कळवळले. सत्त्व घालवण्यासाठीच तर हा खटाटोप, हे त्यांना पटेना. मग त्यांनी मिठाचा डबा उघडला, हुंगला आणि सैंधव सुचवले, कारण सैंधव म्हणे मीठ नसतेच. वास्तविक सैंधव हेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. रंग गुलाबी असल्याने त्याचा स्वभाव बदलत नाही. त्यांच्या सुनेने रक्तदाबासाठी आणलेले कमी सोडियमचे मीठ तर आम्हाला अधिकच घातक, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. शेवटी तात्यांनी हुकमाचा एक्का काढला. “माझ्या साडूला डॉक्टरांनी रोज अंडी खायला सांगितली आहेत, आणि तुम्ही वहिनींना वाटीभर वरणावर ठेवता?” साडू डायलिसिसवर आहेत. डायलिसिसमध्ये शरीरातील प्रथिनांची झीज होते म्हणून त्यांना प्रथिने वाढवून देतात; डायलिसिसपूर्वी मात्र ती मोजून द्यावी लागतात, हिच्या 55 किलो वजनाला दिवसाकाठी 33 ते 44 ग्रॅम. हे मी सांगितले, पण तोवर तात्या बाहेर जाऊन ‘वहिनी, वाळलात हो’ असे म्हणत होते.

वाळलात! ती वाळू नये म्हणूनच मी पहाटेपासून राबतो, हे कोणाला दिसत नाही. जांभळी नाक्याच्या मंडईत दुधी, पडवळ, दोडका यांच्याभोवती घिरट्या घालायच्या, पालक आणि टोमॅटो पाहून मान वळवायची, घरी येऊन पाकिटांवरचे बारीक अक्षर भिंगाने वाचायचे, तर तिथे सोडियम छापलेले असते आणि पोटॅशियमचा बहुधा पत्ताच नसतो. आम्हाला मिळालेल्या छापील आहारपत्रकात अ‍ॅव्होकाडो खाऊ नये असे ठळकपणे बजावलेले आहे, जणू आम्ही रोज अ‍ॅव्होकाडोचीच भाजी करीत होतो. कारळाच्या चटणीविषयी त्यात चकार शब्द नाही. हिला मामलेदारची मिसळ जीव की प्राण. मटकी, फरसाण आणि तर्री या तिन्हींना मी एकट्याने नाही म्हणायचे आणि खलनायकही मीच व्हायचे. नातेवाईक फोनवर ‘थोडेसे चालते हो’ म्हणतात. थोडेसे म्हणजे किती, हे कोणी ग्रॅममध्ये सांगत नाही आणि दुधी किसायला तर कोणीच येत नाही.

बुधवारी रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम 4.8. ही बातमी पत्नीने, मला विचारल्यावाचून, तात्यांना फोनवर कळवली आणि दहा मिनिटांत ते दारात हजर झाले.

“बघा साहेब, सैंधवाचा गुण!”

त्यांनी सोमवारी आणून दिलेले सैंधवाचे पाकीट अजून फोडलेले नाही, हे मी त्यांना दाखवले आणि ते परत न्यावे असे सुचवले. “राहू द्या,” तात्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुमच्या चिडचिडीवरही चालते.”