नाना, वाईनने हृदय वाचत नाही: 'फ्रेंच लोकांच्या निरोगी आयुष्याचं रहस्य' या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी आईचा फोन आला. नाना रोज रात्री जेवताना ग्लासभर रेड वाईन घेताहेत, तीन आठवडे झाले. नाना म्हणजे माझे वडील. वय ७३, राहणार सांगली. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. जन्मात कधी दारूला न शिवलेला माणूस. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, तुझ्या फ्रान्समधलेच लोक घेतात ना? म्हणून तर त्यांना हार्ट अटॅक येत नाही." आणि मला तो मेसेज पाठवून दिला.

तुमच्याही घरच्या ग्रुपवर तो येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फ्रेंच लोक रोज लोणी, चीज आणि रेड वाईन घेतात, म्हणून तिथे हृदयविकार नाही. तिथे कुणी जाड नाही. गावोगावी रोज ताजा बाजार भरतो, पाकिटातलं किंवा बाहेरून आलेलं कुणी खात नाही. मुलं मधल्या वेळी खात नाहीत. तिथलं चीज शुद्ध शाकाहारी असतं. आणि युनेस्कोने फ्रेंच जेवण जगातलं सर्वांत आरोग्यदायी म्हणून जाहीर केलं आहे. शेवटी हात जोडलेली चित्रं आणि 'आपल्या माणसांसाठी पुढे पाठवा'.

मी नऊ वर्षं दिजाँमध्ये राहते. दिजाँ म्हणजे बर्गंडी, खुद्द वाईनचा मुलूख. शहराच्या दक्षिणेला गाडी काढली की दहा मिनिटांत द्राक्षमळे सुरू होतात ते थेट बोन या गावाच्याही पुढे जातात. म्हणजे मेसेज ज्या फ्रान्सचं नाव घेतो, त्याच फ्रान्सच्या मधोमध बसून मी हे लिहिते आहे. आधी वाईनचं बोलते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी कुणाचा जीव जाणार नाही.

हे प्रकरण सुरू कुठून झालं? नोव्हेंबर १९९१ मध्ये '६० मिनिट्स' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात सर्ज रेनो नावाचे फ्रेंच संशोधक झळकले. पुढच्याच वर्षी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. फ्रेंच लोक इतकं लोणी-चीज खातात, तरी हृदयविकाराने मरणारे तिथे कमी का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यांनी वाईनकडे बोट दाखवलं. 'फ्रेंच पॅरॅडॉक्स' हे नाव तेव्हा घरोघर पोचलं आणि अमेरिकेत रेड वाईनचा खप एकदम वाढला. मेसेज आजही तीच गोष्ट सांगतो आहे. त्यानंतर तीस वर्षांत काय काय झालं, ते त्याने पूर्ण गाळलं आहे.

एक गोष्ट मान्य करते. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण फ्रान्समध्ये युरोपातल्या बहुतेक देशांपेक्षा खरंच कमी आहे. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. आणि ते वाईनमुळे कमी आहे, हे तर अजिबात सिद्ध झालेलं नाही. १९९९ साली मॅल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड या दोघांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये साधा हिशोब मांडला. प्राण्यांची चरबी भरपूर खाणं फ्रान्समध्ये ब्रिटनच्या मानाने फार उशिरा सुरू झालं. धमन्या बुजायला काही दशकं जातात, त्यामुळे त्या खाण्याचं बिल अजून यायचं होतं. शिवाय मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार हे कारण लिहिण्यात फ्रेंच डॉक्टर मागे होते. दोन देशांतल्या फरकाचा साधारण पाचवा हिस्सा नुसता या नोंदींतून निघत होता. वाईनच्या वाट्याला फारसं काही उरलंच नाही.

'थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात' हे वाक्यही याच मेसेजमध्ये आहे. इथे न पिणारा म्हणजे कोण, ते बघायला हवं. फ्रान्समधल्या साठी उलटलेल्या लोकांत अजिबात न पिणारे कोण असतात? त्यात कितीतरी असे, की ज्यांना लिव्हरने, मधुमेहाने किंवा हृदयाने आधीच इशारा दिला आणि डॉक्टरांनी दारू बंद केली. म्हणजे आजारी पडले म्हणून प्यायचे थांबले. त्यांची तुलना धडधाकट माणसाशी केली, जो जेवताना अर्धा ग्लास घेतो, फिरायला जातो आणि हाताशी पैसा बाळगून आहे, तर वाईन औषधासारखी दिसणारच. माझे नाना न पिणारे होते ते आजारापायी नव्हे, तर पटत नव्हतं म्हणून. त्यांना त्या आकडेवारीत कुठे बसवणार?

आता फ्रान्सचं सरकार स्वतः काय म्हणतं ते ऐका. 'सांते प्युब्लिक फ्रान्स' ही इथली राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था. तिने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात दारूमुळे फ्रान्समध्ये ४१,००० माणसं मेली. त्यांतले ३०,००० पुरुष आणि ११,००० बायका. कर्करोगाने १६,००० आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी ९,९००. हा शेवटचा आकडा, नाना, दोनदा वाचा. ज्या देशात वाईन हृदय वाचवते असं तुम्हाला सांगितलं गेलं, त्याच देशात वर्षाला जवळपास दहा हजार माणसं दारूने हृदय आणि रक्तवाहिन्या बिघडून गेली. एकूण आकड्याला ३६५ ने भागलं तर रोजची ११२ माणसं होतात.

हीच संस्था इथल्या लोकांना सांगते: दिवसाला दोन ग्लासांच्या वर नाही, आठवड्याला दहाच्या वर नाही, आणि आठवड्यातले काही दिवस अजिबात नाही. ही कमाल मर्यादा आहे. ओलांडू नका एवढाच तिचा अर्थ, औषधासारखं रोज घ्या असा नव्हे. ती आखली आहे निरोगी, प्रौढ आणि आधीपासून पिणाऱ्या माणसांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. इथे तर १९९१ च्या एव्हँ कायद्यापासून वाईनच्या जाहिरातीवर 'दारूचा अतिरेक आरोग्याला घातक आहे' हे छापावंच लागतं. फ्रेंच वाईनवाल्यांना स्वतःच्या देशात जे बोलायची सोय नाही, ते सांगलीत काकालोक एकमेकांना फुकटात सांगताहेत.

आणि खुद्द फ्रेंच लोकही आता तसं पीत नाहीत. साठच्या दशकात इथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाईन लागायची, आता चाळीसच्या आसपास. १९५६ पर्यंत शाळेच्या जेवणात लहान मुलांनाही पाणी घातलेली वाईन मिळायची, त्या वर्षी चौदाच्या खालच्यांना बंद झाली. मेसेजमधला 'रोज वाईन पिणारा फ्रेंच माणूस' हा आजोबांच्या पिढीतला आहे. माझ्या ऑफिसातले तिशीचे लोक शुक्रवारी संध्याकाळी घेतात, आणि जानेवारीत महिनाभर सोडून बघणारेही आहेत.

नानांसाठी मात्र सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि दारू एकत्र आल्या की रक्तस्रावाची भीती वाढते. पोटात, मेंदूत, किंवा रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडलं तर कुठेही. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. 'कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना विचारा' एवढी ओळ लिहायला काय लागलं असतं? ज्याने हे लिहिलं त्याला माझे वडील माहीत नाहीत, त्यांच्या गोळ्या माहीत नाहीत, आणि तरी तो त्यांना रोजचा डोस सांगतो. मला संताप येतो तो याचा.

बाकीचे मुद्दे भराभर उरकते.

कुणी जाड नाही म्हणे. फ्रान्समध्ये १९९७ साली ८.५ टक्के प्रौढ लठ्ठ होते, २०२० मध्ये १७ टक्के झाले. दुप्पट. पॅरिसच्या चार रस्त्यांवर फोटो काढणाऱ्यांना ते दिसत नाहीत, कारण प्रमाण जास्त आहे ते उत्तरेकडच्या गरीब भागांत, आणि तिथे पर्यटक जात नाहीत. मॅकडोनाल्ड्सची दीड हजारांवर दुकानं आहेत इथे.

मुलं मधल्या वेळी खात नाहीत? साडेचारला शाळा सुटली की फाटकापाशी उभ्या असलेल्या प्रत्येक आईच्या पिशवीत बिस्किटं नाहीतर चॉकलेट घातलेला पाव असतो. त्या खाण्याला नावही आहे, 'गुते'. माझी मुलगी एक दिवस ते नाही मिळालं तर घर डोक्यावर घेते.

बाहेरून आलेलं कुणी खात नाही, याला माझ्या शहरातच उत्तर आहे. दिजाँची मोहरीची चटणी जगप्रसिद्ध, पण तिच्यासाठी लागणारी मोहरी बहुतेक कॅनडातून येते. २०२१ मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्सभर दुकानांतले मोहरीचे कप्पे रिकामे झाले. माझ्या दुकानात एका माणसाला एकच बाटली अशी पाटी लागली होती. (ही मोहरी आपल्या फोडणीतल्या राईचीच जात, त्यामुळे आईने पाठवलेल्या डब्यातली मोहरी भिजवून मी वाइनच्या व्हिनेगरमध्ये वाटली, आणि शेजारीण मागून घेऊन गेली.) बेडकाच्या तंगड्यांचंही तेच. इथले बेडूक संरक्षित आहेत, माल येतो तो मुख्यतः इंडोनेशियातून. १९८७ मध्ये आपण निर्यातबंदी केली तोवर भारतातूनही जायचा.

चीज शाकाहारी असतं, हे वाचून माझी मावशी ग्रुप टूरमध्ये आठवडाभर चीजवर राहिली. तिने उभ्या जन्मात अंडंही खाल्लेलं नाही. काँते, रोकफोर, नॉर्मंडीचं अस्सल कामांबेर या चीजमध्ये दूध विरजायला जनावरांच्या पिल्लांच्या जठरातलं रेनेट वापरतात. आमच्या बर्गंडीचं एपुआस तर वरून द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेल्या दारूने पुसून पिकवतात. ज्याला चालतं त्याने आवडीने खावं, मीही खाते. पण पाळणाऱ्या माणसाला खोटं सांगून खायला लावणं हे पाप आहे. मावशीला मी हे अजून सांगू शकलेले नाही.

गावांबद्दल मात्र थोडं थांबून बोलते, कारण त्या वाक्याने मला वाईट वाटतं. 'गावोगावी रोज ताजा बाजार, ताजा पाव, गजबजलेला कॅफे.' दोन वर्षांपूर्वी सासू-सासरे आले होते. असंच काही वाचून त्यांना 'खरं फ्रेंच गाव' बघायचं होतं. त्यांना घेऊन दिजाँच्या पश्चिमेला मोर्व्हाँच्या डोंगराळ भागात गेलो. दिवस सोमवार. चर्च बंद, शाळेची इमारत बंद, कॅफेच्या भिंतीवरची अक्षरं उडालेली. बेकरी नव्हतीच. चौकात पाव देणारं यंत्र उभं होतं, नाणं टाकलं की 'बॅगेट', म्हणजे इथला लांब पाव, बाहेर. सासूबाईंनी विचारलं, "माणसं कुठायत गं?" एका आजींनी खिडकीतून सांगितलं की पाववाल्याची गाडी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी येते.

ते गाव अपवाद नाही. १९८० मध्ये फ्रान्सच्या ग्रामीण भागात एकही दुकान नसलेली गावं चारात एक होती, आता साठ टक्क्यांच्या वर आहेत. पोस्टकार्डावरची गावंही आहेत, नाही असं नाही. १९८२ मध्ये 'फ्रान्सची सर्वांत सुंदर गावं' अशी संघटना निघाली, दोन हजारांपेक्षा कमी वस्ती ही तिची एक अट. आमच्याकडचं फ्लाविन्यी त्यात आहे, बडीशेपेच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध. खूप देखणं आहे, जरूर जा. पण अशी गावं पावणेदोनशेच्या आसपास, आणि देशात नगरपालिका-ग्रामपंचायती धरून जवळपास पस्तीस हजार. त्या आजींना डॉक्टरकडे जायला तीस किलोमीटर जावं लागतं. त्यांच्या आयुष्याला 'निरोगी रहस्य' म्हणू नका.

युनेस्कोचा मुद्दा सरळ खोटा. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच मेजवानीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते एक सामाजिक रीत म्हणून: जन्म, लग्न, वाढदिवस अशा प्रसंगी सगळ्यांनी एकत्र बसायचं, पदार्थांचा क्रम पाळायचा, टेबल नीट मांडायचं. आरोग्याशी त्या नोंदीचा संबंध नाही. २०२२ मध्ये 'बॅगेट' पावाचं कौशल्यही यादीत आलं, म्हणून मैदा पथ्याचा झाला का?

आणि इथेच मेसेजमधली एक अर्धी गोष्ट मला, मनात नसताना, कबूल करावी लागते. हे लोक बसून जेवतात. माझ्या ऑफिसात बाराला सगळे उठतात आणि तासभर कुणी फोन उचलत नाही. कामाच्या टेबलावर जेवायला कामगार कायद्यानेच मनाई आहे, ती फक्त कोव्हिडमध्ये तात्पुरती सैल झाली होती. मुलीच्या शाळेत आधी भाजी-कोशिंबीर, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही आणि फळ, असं क्रमाने वाढतात. ताटात थोडंच असतं आणि खायला वेळ मिळतो. याचा उपयोग होत असेल, मला तसं वाटतं. पण नाना सात वाजता टीव्हीवर बातम्या लावून ताट मांडीवर घेतात, ते तसंच चालू आहे. मेसेजमधून त्यांनी उचलली ती फक्त बाटली.

रविवारी रात्री मी त्यांना हे सगळं फोनवर सांगितलं. तासभर लागला. आधी चिडले, "तू तिकडे राहून आम्हाला शिकवतेस" म्हणाले. ९,९०० चा आकडा सांगितला तेव्हा गप्प झाले. मग गोळ्यांचं पाकीट आणून नावं वाचून दाखवली आणि मी ती लिहून घेतली. सोमवारी आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वाईन त्याच दिवशी बंद करायला सांगितलं आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट ठीक आला आहे.

काल नानांनी स्वतःहून फोन केला. तो मेसेज त्यांनी पुढे अकरा जणांना पाठवला होता, त्यांतल्या तिघांची बायपास झालेली आहे. म्हणाले, "सगळं मराठीत नीट लिहून दे, मी त्या अकराही जणांना पाठवतो."