'प्रिंट लागेल' : कुठल्या नियमाने?

'परदेशात सगळं पेपरलेस, आपल्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीच्या तीन झेरॉक्स.' हे वाक्य आपल्याकडच्या चर्चेत हमखास येतं. जर्मनीत नोकरी करणाऱ्याला ते ऐकून हसू येतं. इथे नोकरीवरून काढल्याचं पत्र ईमेलने पाठवलं तर ते कायद्याने निरर्थक. कागद आणि त्यावर शाईची सहीच हवी. ठरावीक मुदतीच्या नोकरीचा करार त्याहून नाजूक. काम सुरू होण्याआधी त्यावर शाईची सही किंवा प्रमाणित डिजिटल सही झाली नाही, तर मुदतीची अट गळून पडते आणि माणूस कायम होतो. मग कंपन्या निमूट दोन प्रती छापतात. 2020 पासून इलेक्ट्रॉनिक गल्ला असलेल्या दुकानाला प्रत्येक विक्रीची पावती द्यावी लागते, एका पावाचीसुद्धा. ती बहुधा थर्मल, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर, त्यामुळे रद्दीच्या डब्यातही चालत नाही.

बिलांच्या बाबतीत तर भारत पुढे आहे. 5 कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून व्यावसायिक ग्राहकासाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं डिजिटल बिल, सक्तीचं आहे. जर्मनीत 1 जानेवारी 2025 पासून लागू झाली ती फक्त असं बिल स्वीकारण्याची तयारी. जीएसटीच्या नियम 48 मध्ये मालाच्या बिलाच्या तीन प्रती सांगितल्या आहेत, पण त्याच नियमाने ई-इनव्हॉइसला त्यातून सूट दिली आहे. मालाच्या गाडीसोबतही छापील बिलाऐवजी ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड मोबाइलवर दाखवला तरी चालतो. तरीही तीन प्रती निघतात, शिक्के बसतात, फायलीत जातात. जर्मनीत कागद कायदा मागतो; आपल्याकडे कायद्याने सोडलेला कागद कार्यालय सोडत नाही. 'प्रिंट लागेल' म्हटल्यावर 'कुठल्या नियमाने?' असं विचारलं, तर जर्मनीत काढून टाकण्याच्या पत्राबाबत उत्तर मिळतं : दिवाणी संहिता, कलम 623. आपल्याकडे मिळतं : 'ऑडिटला लागतं.'

खरोखर लागणारी छपाई पाठपोट करावी, हे सगळेच सांगतात. पावसाळ्यात ती का अडते, हे कुणी सांगत नाही. दमट कागदाची एक बाजू छापताना प्रिंटरच्या उष्णतेने ओल उडते, कागद वळतो आणि दुसऱ्या बाजूसाठी आत ओढला जाताना अडकतो. दोनदा अडकला की कुणीतरी सेटिंग कायमचं 'एक बाजू' करून टाकतं. म्हणून रिमचं वेष्टन गरजेपुरतंच उघडावं, ट्रेमध्ये दिवसभराचाच कागद ठेवावा, उरलेला परत वेष्टनात गुंडाळावा. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) ए4 कागद 5 ग्रॅमचा, 500 कागदांचं रिम अडीच किलोचं. एक्सेलमधला एकच स्तंभ सांडून दुसऱ्या पानावर गेला की हे वजन दुप्पट. पेज लेआउटमध्ये रुंदी '1 पेज' आणि उंची 'ऑटोमॅटिक' ठेवली की तेवढं वाचतं.

पाठकोरे कागद लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालण्याची काटकसर मात्र महागात पडते. आधीचा टोनर (छपाईची पूड) उष्णतेने मऊ होऊन रोलरला चिकटतो. एखादी विसरलेली टाचणी तर ड्रमच खरवडते. त्यांचे चार तुकडे करून टिपणवह्या बांधाव्यात. आधारच्या प्रती आणि पगारपत्रकं त्यात जाऊ देऊ नयेत, ती थेट श्रेडरमध्ये. बाकीची रद्दी श्रेडरमध्ये घालू नये : चिंध्यांचे तंतू आखूड होतात आणि कागद गिरणीला कमी कामाचा उरतो.