साडेसहा फुटी माणसाला सात फुटी तंबू पुरत नाही

थंडी पडायला लागली की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर तंबूखरेदीचा एक मजकूर हमखास फिरतो. त्यात ताडमाड उंच लोकांसाठी सल्ले असतात ते असे: तंबू सात फुटी असतो, म्हणजे साडेसहा फुटाच्या माणसाला पुरून उरतो. नाहीच पुरला तर तिरपं झोपावं. तरीही अडचण वाटली तर सरळ चार जणांचा घ्यावा. आत उभं राहता येईल असाच निवडावा. आणि शेवटी, स्वस्तातल्या तंबूत उंच माणसाचं जमतच नाही, त्याने परदेशी महागडा मागवावा.

यातला पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे, कारण तो हिशेबासारखा दिसतो. सात फूट म्हणजे 213 सेंमी, माणूस 198 सेंमी, शिल्लक 15. पण 213 (किंवा आपल्याकडच्या बऱ्याच घुमटाकार तंबूंत 210) हे माप जमिनीवरचं आहे आणि झोपलेला माणूस कागदासारखा सपाट नसतो. उताणं झोपल्यावर नाकाचा शेंडा मॅटसकट जमिनीपासून साधारण 25 सेंमी वर येतो. पायांचे अंगठे त्याहून वर, कारण साडेसहा फुटी माणसाचं पाऊलच 30 सेंमीच्या आसपास असतं. तंबूची भिंत मात्र आत झुकलेली. ती जमिनीशी 60 अंशांचा कोन करत असेल, तर 25 सेंमी उंचीवर ती 14 सेंमी आत आलेली असते. डोक्याकडे 14 आणि पायाकडे 14 गेले, की 210 चे 182 उरतात. भिंत 70 अंशांची, म्हणजे बरीच उभी असेल, तर 192. तरीही 198 चा माणूस मावत नाहीच.

मावला नाही तर होतं काय? पाय थोडे दुमडून झोपेल, असं वाटतं. खरी अडचण पाण्याची आहे. पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठावर डिसेंबरात पहाटे बाहेरच्या कापडाला आतून दव धरतं. दुहेरी कापडाच्या तंबूत हे दव आतल्या जाळीपर्यंत पोचत नाही, कारण मध्ये चार बोटं हवा असते. स्लीपिंग बॅगचं टोक जाळीला रेटून बसलं की ही फट मिटते, आतलं कापड बाहेरच्याला चिकटतं आणि बॅग पायाकडून भिजत जाते. सकाळी ‘तंबू गळतो’ अशी तक्रार येते. तंबू गळलेला नसतो, आखूड पडलेला असतो. पिसांची बॅग असेल तर ती भिजल्यावर फुगायचं सोडते आणि ऐन पहाटे ऊब जाते.

याच हिशेबात गादीही धरायला हवी. दहा सेंमी फुगणारी हवेची गादी घेतली की माणूस तेवढा वर जातो आणि 60 अंशांच्या भिंतींमुळे दोन्ही टोकांना मिळून आणखी 11-12 सेंमी गमावतो. उंच माणसाने फोमचीच मॅट घ्यावी. ती बहुतेक 180 सेंमीचीच मिळते, पण टाचांखाली रिकामी सॅक सरकवली की भागतं. स्लीपिंग बॅग मात्र ‘लाँग’ मापाचीच हवी. ‘रेग्युलर’ साधारण सहा फुटांपर्यंतच्या माणसासाठी असते.

तिरपं झोपण्याचा सल्ला अर्धाच खरा आहे. डेकॅथलॉनच्या क्वेचुआ ब्रँडमधल्या एमएच 100 या दोन जणांच्या तंबूचं आतलं माप 130 बाय 210 आहे. कर्ण काढला तर 247 येतो आणि वाचणारा खूश होतो. पण कर्ण ही रेघ आहे, माणसाला रुंदी असते. पायाकडे बॅग 30 सेंमी रुंद धरली तर ती कोपऱ्याच्या टोकापर्यंत जाऊच शकत नाही. दोन्ही बाजूंना जवळजवळ 24-24 सेंमी आधीच अडते. जमिनीवरच 199 उरले, म्हणजे सरळ झोपण्यापेक्षा कमी! त्यात भिंतींचा उतार धरला तर विचारायलाच नको. तीन जणांच्या तंबूत (195 बाय 210) हेच गणित उलटतं. चौरसाच्या जवळ जाणारा आकार असल्याने कोपऱ्यात बॅग खोलवर जाते. उतार आणि रुंदी दोन्ही वजा करूनही 25 सेंमी उंचीवर 213 च्या आसपास मिळतात. शिवाय घुमटाकार तंबूचे पोल कोपऱ्यातून कोपऱ्यात जातात, त्यामुळे कर्णावर कापड ताठ असतं, भिंतीच्या मध्यासारखं लोंबत नाही. तेव्हा एकटा उंच माणूस, कमी पैसे आणि पाठीवर वाहून न्यायचा तंबू, असं असेल तर उत्तर तीन जणांचा घुमट आणि तिरपी मॅट. सॅक आणि बूट उरलेल्या दोन कोपऱ्यांत.

‘चार जणांचा घ्या’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट बघितलेली नसते: माणसांचा आकडा रुंदीचा असतो, लांबीचा नाही. दर माणशी 60-65 सेंमी धरून रुंदी वाढवत नेतात. वरच्या दोन्ही तंबूंची लांबी तीच 210 आहे. चार जणांच्या तंबूचा उपयोग तेव्हाच, जेव्हा रुंदी लांबीच्या पुढे जाते आणि आपण आडवे झोपतो. कोलमन कंपनीचा ‘सनडोम’ हा चार जणांचा तंबू 9 बाय 7 फुटांचा आहे. त्यात नऊ फुटी बाजूला समांतर झोपलं तर साडेसहा फुटाचे दोघंही आरामात मावतात. 240 सेंमी रुंदीच्या तंबूत उतार वजा जाता 210 मिळतात, म्हणजे जेमतेम जमतं. किंमत मात्र वजनात मोजा. असा तंबू चार किलोंच्या वर जातो आणि त्याला लागणारी सपाट जागा गडावर शोधत हिंडावं लागतं. गाडी काठापर्यंत जात असेल तर जरूर घ्या.

उभं राहता येण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. ‘स्टँडिंग हाइट’ म्हणून विकले जाणारे स्वस्त तंबू बहुधा सहा फुटांचे, तेही फक्त मधोमध. साडेसहा फुटाचा माणूस तिथेही वाकूनच राहणार. उलट तेवढं उंच शीड हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी वाऱ्यासमोर उभं केलं की फायबरग्लासचे पोल जोडाच्या नळीपाशी उभे चिरतात. गरज आहे ती ताठ बसता येण्याची. बसलेल्या माणसाची उंची एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे इथे 103 सेंमीच्या आसपास असते. तंबू मध्यभागी 120 असला म्हणजे झालं; 107 च्या तंबूत नेमका मधला बिंदू सोडला तर मान वाकवूनच चहा प्यावा लागतो.

महागड्याशिवाय पर्याय नाही, हेही खरं नाही. हातात असलेल्या तंबूतच आठ-दहा सेंमी मिळवता येतात. बाहेरच्या कापडाला डोक्याकडच्या आणि पायाकडच्या भिंतीच्या मध्यावर दोरीचं कडं असेल, तर त्यातून 2-3 मिमीची दोरी ओवून मीटरभर लांब खुंटीला ताणा. कडं नसेल तर कापडाच्या आतून सुपारीएवढा गुळगुळीत गोटा धरा आणि बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळा; शिवण उसवत नाही, भोकही पडत नाही. आतली जाळी बाहेरच्या कापडाला हुकने किंवा इलॅस्टिकने जोडलेली असेल तर तीही बाहेर ओढली जाते. नसेल तर निदान दोन्ही कापडं एकमेकांना चिकटत नाहीत.

पाऊस नसलेल्या महिन्यांत याहूनही स्वस्त सोय म्हणजे 9 बाय 12 फुटांची ताडपत्री. 120 जीएसएमची (चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाची) घेतली तर वजन सव्वा किलोच्या आत. बारा फुटी बाजूला समांतर, मधोमध दोरी 110 सेंमी उंचीवर दोन झाडांना किंवा ट्रेकिंग पोलना बांधा आणि कडा जमिनीला टेकवा. आत 366 सेंमी लांब आणि 160 च्या आसपास रुंद जागा होते आणि टोकाला भिंतच नसल्याने पाय कुठे टेकत नाहीत. डासांसाठी आत साधी सिंगल मच्छरदाणी टांगायची. वाऱ्याच्या दिशेला मात्र कड करा, उघडं तोंड नको.

तंबूच घ्यायचा असेल तर खोक्यावरचं मोठं माप सोडून द्या; त्यात बरेचदा पुढची पडवीही मोजलेली असते. आतल्या खोलीचं माप वाचा. मग दुकानात तंबू उभा करायला सांगा, टेप घ्या आणि जमिनीपासून एक वीत वर, झोपणार त्या दिशेने एका कापडापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. तुमच्या उंचीपेक्षा किमान 10 सेंमी जास्त हवं. ऑनलाइन मागवलात तर लेबल काढण्याआधी हीच मापं घरात घ्या. घुमटाला खुंट्या लागत नाहीत, तो हॉलमध्ये उभा राहतो. गच्चीवर नेऊ नका, मातीचा डाग पडलेला तंबू परत घ्यायला विक्रेते खळखळ करतात.