म्हणे टायमर लावा, आवाज आपोआप वाजते

मास्तर लोकांच्या अन् वेबपेजं बनवणाऱ्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लय फिरून राह्यला. त्याचं म्हणणं असं: क्लिक केल्याशिवाय आवाज वाजत नाई ही मोबाईल कंपन्यांची चाल आहे, सेटटाइमआउटनं (म्हणजे कोडातल्या टायमरनं) पाच सेकंद थांबलं की ब्राउझर फसते, नाईतर आवाज स्क्रोलवर बांधा, अन् चित्र-आवाज जुळवायला मोठी लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) लागतेच. आर्णी तालुक्यातल्या एका शाळेसाठी मी बोंडअळीचं पेज केलं, अंडी-अळी-कोष-पतंग अशी चित्रं अन् संगं आवाज, तवा हे सगळं करून पाह्यलं आहे.

कंपन्यांची चाल म्हणाल तर भाऊ, हा नियम ब्राउझरचा आहे, क्रोमनं एप्रिल 2018 मधे 66 नंबरच्या आवृत्तीत आणला, सफारीचाही असाच आहे. काहून आणला? पेज उघडलं की भोंगा सुरू, कोणाले पाहिजे ते? अन् म्यूट व्हिडिओ तर आजही आपोआप चालते, म्हणजे बंदी आवाजावर आहे.

आता तो टायमर. पाच सेकंद थांबा का पाच मिनिटं, ब्राउझर घड्याळ पाहतच नाई, माणसानं पेजले हात लावला का हेच मुख्य पाहते. नसन लावला तर प्ले म्हटल्यावर जे प्रॉमिस (काम झालं का नाई ते मागून सांगणारं उत्तर) येते ते नॉटअलाउड एरर देऊन मोकळं होते, अन् ती एरर पकडणारं कॅच लिहिलं नसन तर बाप्पा पेजवर तुमाले पत्ताही लागत नाई. क्लिक झाल्यावर टायमर लावला तर क्रोममधे जमते, पण सफारी कडक आहे, म्हणून प्ले थेट क्लिकच्या हँडलरातच (क्लिक झाल्याबरोबर चालणाऱ्या कोडातच) म्हणा.

स्क्रोल चालत नाई. माऊस नुसता फिरवला तेही चालत नाई. बोट टेकवून उचललं, बटण दाबलं, कीबोर्डची कळ दाबली, हे चालते.

लायब्ररीवाली गोष्ट मले सगळ्यात जास्त खटकली. क्लिकवर वेळ बांधायची सोय जुनी आहे, स्माइल नावाचं डब्ल्यूथ्रीसीचं (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं) मानक 1998 चं, क्लिकची सोय त्यात 2001 मधे आली, अन् त्यातली ॲनिमेशनची पद्धत एसव्हीजीत (कोडनं काढलेल्या चित्रात) अजून जिवंत आहे. ॲनिमेशनच्या बिगीनमधे (कवा सुरू व्हायचं ते) बटणाचा आयडी, टिंब, क्लिक, अन् पुढं अधिक दोन सेकंद लिहिलं की झालं, अळीचं चित्र अंड्याचं संपल्यावर सुरू करायचं तर बटणाच्या जागी अंड्याच्या ॲनिमेशनचा आयडी अन् क्लिकच्या जागी एंड. क्रोमवाले 2015 मधे हे काढून टाकाले निघाले होते, मंग माघार घेतली.

पण हे नुसत्या चित्रांपुरतं हां. आवाज संगं असला की आपल्याकडचं नेट आडवं येते: आवाज मधातच अडकते, अन् टायमर बिचारा चालतच राहते, मंग आवाजात अळी बोंड खाऊन राह्यली अन् स्क्रीनवर पतंग उडून राह्यला! म्हणून क्लिकवर फक्त आवाज सुरू करा अन् चित्रं आवाजाच्याच करंटटाइमवर (आवाज कितव्या सेकंदावर पोचला त्यावर) टांगा, आवाज थांबला की चित्रही थांबते. आवाज पुढं सरकला हे सांगणारा टाइमअपडेट इव्हेंट कधी कधी पाव सेकंदानं येते, चित्राले तेवढं पुरे आहे, पण शब्दागणिक रंग बदलायचा असन तर रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेममधे (स्क्रीन नव्यानं रंगवायच्या दर वेळी चालणाऱ्या कोडात) करंटटाइम पाहत राहा.

अन् एक राह्यलं, एसव्हीजी इमेज टॅगनं लावाल तर ॲनिमेशन चालते पण आतल्या बटणाले क्लिक पोचतच नाई, एसव्हीजीचा कोड पेजच्या कोडातच सरळ लिहा. मी अर्धा दिवस तेच बटण दाबत बसलो होतो, अन् मागं सातवीचे पोट्टे हासून राह्यले होते.