स्केलला क्रेडिट नसतं

परवा मामेबहिणीच्या कॉलेजच्या प्रदर्शनात माझा फोटो लागला. एरवी ही चारचौघांत मिरवायची गोष्ट, पण फोटोखाली जे छापलंय ते वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. "कोपऱ्यातील अनामिक आकृतीमुळे वास्तूच्या आकाराचा अंदाज येतो." अनामिक! जिच्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी अंधारात उठलो, ट्रायपॉड, दोन बॅगा आणि एक न दुमडता येणारा ड्रेस खांद्यावर वाहिला, तिला माझं नाव माहीत नाही म्हणता? तिला माझं पाळण्यातलं नाव पण माहितीये, आणि ते ती लोकांसमोर वापरते.

प्रोजेक्टचा विषय होता कपडे आणि वास्तुकला यांतलं नातं. तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "छान आहे" म्हणालो. छान आहे म्हणणाऱ्याच्याच हातात नंतर मॉडेलवर उजेड परतवायचा रिफ्लेक्टर येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग जाताना गाडीत पूर्ण वेळ व्याख्यान. झेम्पर नावाच्या जर्मन आर्किटेक्टने म्हणे १८५१ मध्येच लिहून ठेवलंय की भिंतीचं मूळ विणकामात आहे, माणसाने आधी चटया आणि कापडं टांगून आडोसा केला, दगडविटा मागाहून आल्या. त्याच्याही कितीतरी आधी विट्रुव्हियस नावाचा रोमन आर्किटेक्ट आयोनिक या ग्रीक पद्धतीच्या खांबावरच्या उभ्या खाचांना बायकांच्या वस्त्राच्या चुण्या म्हणून गेला आणि वरच्या गुंडाळ्यांना कुरळे केस. मला यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे जानेवारी १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्किटेक्ट मंडळींनी एका नाचाच्या पार्टीला आपापल्या इमारतींचा वेष करून जायचं ठरवलं आणि खरोखर गेले. क्रायस्लर बिल्डिंगवाला विल्यम व्हॅन अॅलन डोक्यावर आपल्या बिल्डिंगचं निमुळतं टोक घालून उभा आहे, शेजारी बाकीच्या इमारती उभ्या आहेत आणि एकाच्याही चेहऱ्यावर लाज नाही. फोटो आहे त्याचा. आणि त्या फोटोत कोण माणूस कुठली इमारत आहे हे नावानिशी नोंदलेलं आहे, एवढंच इथे सांगून ठेवतो.

लोकेशन म्हणजे काँक्रीटची एक उघडीवाघडी इमारत, प्लास्टर नाही, रंग नाही, साच्याच्या फळ्यांचे पट्टे भिंतीवर जसेच्या तसे उमटलेले. बाईसाहेबांनी (मामेबहीण म्हणायला आता जीवावर येतं) त्या पट्ट्यांना जुळणाऱ्या चुण्यांचा करड्या रंगाचा ड्रेस शिवला होता, खांद्यातून दीड फूट बाहेर आलेला, खाली घेर एवढा की दारातून मॉडेलला आडवं होऊन जावं लागलं. गेटवर गार्ड म्हणाला कॅमेरा चालणार नाही, मोबाईल चालेल. का चालेल, तर मोबाईलने फोटो निघतो, कॅमेऱ्याने शूटिंग होतं. यावर वाद घालण्यात अर्धा सकाळचा उजेड गेला. शेवटी ट्रायपॉड बाहेर ठेवून कॅमेरा आत, अशी तडजोड झाली. ट्रायपॉड मी उगाच वाहिला.

आता रिफ्लेक्टर. ज्यांनी धरला नाही त्यांना ती एक गोल चकचकीत चकती वाटते. वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि आपण होडीसारखे मागे मागे जायला लागतो. वर तिकडून आवाज येत राहतो, "दादा, थोडा वर. दादा, गालावर. दादा, तिच्या गालावर, भिंतीच्या नाही." अथेन्सला एरेक्थिऑन नावाच्या देवळात खांबांच्या जागी सहा दगडी बायका आहेत, अंगावर चुण्यांची वस्त्रं, डोक्यावर छत, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापासून. हे पण गाडीतच कळलं. त्यातली एक इंग्रजांनी लंडनला नेली, पाच म्युझियममध्ये आणि देवळात आता नकला आहेत. आणि त्या सगळ्यांचे हात गळून पडलेत. का ते मला त्या दिवशी कळलं.

तर हे सगळं चालू असताना कठड्यावर एक काका बसलेले. साठीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, आणि पट्ट्याला पाच मीटरची टेप अडकवलेली. नुसते बसलेल्या माणसाला टेप कशाला लागते? पण होती.

"कशाचं शूटिंग?" काकांनी मलाच विचारलं, कारण मी एकटाच हलू शकत नव्हतो.

"कपड्यांचं."

"मग इथे कशाला?"

बाईसाहेब पुढे झाल्या. "काका, आम्ही वास्तू आणि वस्त्र यांच्यातला संवाद शोधतोय."

काकांनी इमारतीकडे बघितलं, मग मॉडेलकडे बघितलं, बराच वेळ कान दिला. "बोलतायत का काही?"

मग कळलं की ही बिल्डिंग काकांनी उभी केलीय. म्हणजे तुम्ही आर्किटेक्ट? "छे हो, आर्किटेक्ट उद्घाटनाला होता. मी साइट सुपरवायझर." आणि एवढं बोलून ते जे उठले ते थेट ड्रेसच्या इन्स्पेक्शनलाच. मॉडेलभोवती हात मागे बांधून एक पूर्ण फेरी मारली. मग खांद्याच्या त्या बाहेर आलेल्या भागाखाली वाकून बघितलं.

"हा छज्जा कशावर उभा आहे?"

"आत बकरमचं कडक कापड आहे काका."

"वरच्या बाजूला का खालच्या?"

"खालच्या," बाईसाहेब म्हणाल्या.

काका मटकन कठड्यावर बसले. मला वाटलं त्यांना काही झालं. "अगं पोरी, छज्ज्याला सळई वर लागते, वर! वजनाने टोक खाली जातं तेव्हा ताण वरच्या अंगाला येतो. सळई खाली टाकलीस की छज्जा गेला. माणसं मेलीत याने." मॉडेल घाबरून भिंतीपासून लांब झाली. आणि खरं सांगतो, थोड्या वेळात डावा खांदा खरोखर लोंबायला लागला. बाईसाहेबांनी तो मागून काळ्या चिमट्यांनी ओढून धरला. मागे सगळे चिमटेच होते, कंबरेला, पाठीला, गळ्याला, कारण ड्रेस मॉडेलच्या मापाचा नव्हताच आणि फॅशनच्या फोटोत ड्रेस मापाचा कधीच नसतो म्हणे, पुढून फिट दिसला की झालं. काकांनी ते चिमटे बघितले आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. "पुढून फिनिश, मागून जुगाड. असंच करतात." झेम्परला जमलं नाही ते या माणसाने चार शब्दांत बसवलं, माझ्या मते प्रोजेक्ट तिथेच पूर्ण झाला होता.

पण नाही. उन्हं वर आली आणि चुण्या उतरायला लागल्या. इस्से मियाके हा जपानी डिझायनर पॉलिएस्टरचा कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवून घ्यायचा, मग कागदाच्या थरांमध्ये घालून तापत्या प्रेसमधून काढायचा, म्हणून त्याच्या चुण्या धुतल्या तरी मोडत नाहीत. उष्णतेने पॉलिएस्टरला घडी कायमची बसते, सुतीला नाही. बाईसाहेबांना हे सगळं पाठ आहे. तरी त्यांनी सुती कापड घेतलं, कारण काँक्रीट प्रामाणिक मटेरियल आहे तर कापड पण प्रामाणिक हवं. प्रामाणिक कापड प्रामाणिकपणे उलगडलं.

"क्युअरिंग किती दिवस केलं?" काका.

"काका, हे कापड आहे."

"तेच विचारतोय. परवा केलंस आणि आज उभं केलंस ना? घाई! लोकांना वाटतं काँक्रीट वाळून घट्ट होतं. वाळून नाही होत, सिमेंट पाणी घेऊन घट्ट होतं, म्हणून आठवडाभर तरी ओलं ठेवायचं आणि खरी ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजायची." असं म्हणून काकांनी आमच्या बॅगेतली इस्त्रीची पाण्याची बाटली उचलली आणि मॉडेलच्या चुण्यांवर फवारा मारायला सुरुवात केली. ती किंचाळली. गार्ड धावत आला. गार्डने काकांना सॅल्यूट ठोकला आणि परत गेला. म्हणजे बघा, कॅमेरा चालत नाही, पण परक्या मुलीवर पाणी मारलेलं चालतं.

आणि मग काकांना फोटो दाखवायची दुर्बुद्धी कोणाला झाली कोण जाणे. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मॉडेल होती, ड्रेस होता, उजेड पण बरा पडला होता. काकांनी ते काहीच बघितलं नाही. बोटाने फोटो मोठा केला, बाजूला सरकवला आणि एका खांबावर थांबले.

"हा कॉलम पडतोय."

बाईसाहेबांनी समजावलं की वाइड लेन्स आहे, कॅमेरा वर तिरका केला की उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात, सगळ्यांच्याच फोटोत होतं.

"लेन्सला काय कळतं कॉलमचं? मी स्वतः ओळंबा लावलाय त्याला. माझा कॉलम वाकडा नाही." आवाज चढला. पुढे त्यांनी आमच्या शिवणाच्या डबीतला दोरा मागून घेतला, त्याला स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि खांबाच्या कडेला धरून उभे राहिले. किल्ल्या डुलायच्या थांबेपर्यंत सगळ्यांना श्वास रोखायला लावला. खांब सरळ होता. मग तोच दोरा त्यांनी माझ्याशेजारी धरला. "तुम्ही वाकडे उभे आहात."

मी रिफ्लेक्टर घेऊन इतका वेळ उभा होतो की मला सरळ कसं उभं राहतात तेच आठवत नव्हतं, पण हे बोलायची सोय कुठे.

काकांचं म्हणणं एकच, एकतर तो फोटो काढून टाका नाहीतर सरळ काढा. सरळ रेघांसाठी वेगळी शिफ्ट लेन्स मिळते, ती आमच्याकडे नव्हती. दुसरा उपाय म्हणजे लांब मागे जायचं, कॅमेरा लेव्हलमध्ये धरायचा आणि नको तो भाग नंतर कापायचा. बाईसाहेब मागे गेल्या, आणखी मागे गेल्या, पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. पण उजेड मॉडेलच्या चेहऱ्यावर हवा म्हणजे रिफ्लेक्टर तिच्याजवळच हवा, म्हणजे मी तिथेच. मी ओरडून विचारलं, "अगं मी येतोय ना फ्रेममध्ये?" तिकडून ओरडून उत्तर, "क्रॉप करते दादा, तू दिसणार नाहीस!"

हे वाक्य मी लिहून घ्यायला हवं होतं.

कारण ज्युरीला नेमका तोच आवडला. प्रदर्शनात सगळ्यात मोठी प्रिंट तीच. मधे सरळसोट खांब, खांबाशी चुण्यांचा ड्रेस आणि उजव्या कोपऱ्यात मी, शर्टाचं एक टोक आत एक बाहेर, तोंड उघडं. ओरडून विचारतानाच टिपलंय. ज्युरीतल्या एका सरांनी म्हणे "शिस्तबद्ध वास्तूसमोर विस्कटलेलं वस्त्र" असं माझ्या शर्टाचं खास कौतुक केलं. आणि मोजमापासाठी घ्यायचंच होतं तर माप तरी बघायचं. ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टने मोड्युलॉर नावाची मोजपट्टी काढली तेव्हा माणूस धरला १.८३ मीटरचा, का तर इंग्रजी रहस्यकथांमध्ये रुबाबदार पोलीस सहा फुटीच असतात. मी पाच फूट चार इंच. म्हणजे माझ्यामुळे ती इमारत आहे त्यापेक्षा मोठी दिसतेय, शुद्ध फसवणूक आहे, आणि त्याला मार्क मिळालेत.

एरविन ब्लुमेनफेल्डने १९३९ मध्ये लिसा फॉन्साग्रीव्हज या मॉडेलला आयफेल टॉवरच्या लोखंडाला लटकवून फोटो काढला, हातात फडफडणारा घेर, खाली अख्खं पॅरिस. त्यात कोपऱ्यात कोणाचा विस्कटलेला दादा दिसत नाही. पूर्वीच्या लोकांना एवढी रीत होती.

चिडायचं खरं कारण सांगू? त्या ड्रेसमध्ये बसता येत नव्हतं. मॉडेल सकाळपासून उभी, बाथरूमला जायचं तर चिमटे काढा, घेर उचला, दोघी मदतीला. आणि त्या इमारतीच्या एवढ्या थोरल्या अंगणात एक बाक नाही, सावलीचा एक तुकडा नाही, कठडा एकच आणि त्यावर काका. दोन्ही फोटोत फार सुंदर दिसतात. आत माणूस घालायचा म्हटलं की सगळ्यांची पंचाईत. यावर कोणी प्रोजेक्ट करत नाही. सिल्हूट, व्हॉल्यूम, स्ट्रक्चर, असे शब्द भिंतीवर मोठ्ठे छापतात, आणि फुकट राबणाऱ्यांची पोरगी, पोरगा, दादा, मैत्रीण ही फौज "अनुभव मिळतो" म्हणून वापरायची. मला कसला अनुभव मिळाला? माझा खांदा अजून वर जात नाही.

श्रेयनामावली मी दोनदा वाचली. मेकअप, केशरचना, स्टायलिंग, प्रिंटिंग. त्याखाली "तांत्रिक सल्ला" म्हणून काकांचं नाव, आडनावासकट. मी फोन केला.

"अगं त्यांनी तुझ्या मॉडेलवर पाणी मारलं!"

"पण रेघा त्यांच्यामुळे सरळ आल्या ना."

"आणि मी?"

"दादा, स्केलला क्रेडिट देत नाही कोणी. ड्रॉइंगमध्ये ती छोटी छोटी माणसं असतात बघ, त्यांची नावं कुठे असतात?" आणि लगेच, त्याच श्वासात, "रिफ्लेक्टर तुझ्याकडेच राहिलाय का? भाड्याचा आहे, आज परत द्यायचाय."

माझ्याकडेच आहे. त्याची घडी घालायला हात उलटसुलट पिळून आठचा आकडा करायचा असतो, तो मला येत नाही, म्हणून तो उघडाच दारात अडकून बसलाय आणि मी माझ्याच खोलीत आडवा होऊन जा-ये करतोय. म्हटलं ये आणि घेऊन जा, मी काही वाहून आणणार नाही. तर म्हणाली, बरं, काकांना विचारते ते त्या बाजूला येणार आहेत का.